एकांकिका बसवतोय, सेट-लाईट-मूव्हमेंटची सुरुवात कुठून करायची?

माणगंगेचा_पोर:
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजात नाटकाचा वेगळा विभाग वगैरे काही नाही, पोरंपोरीच जमून करतो. यंदा पहिल्यांदाच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला एकांकिका न्यायचीय, मित्रानेच लिहिलीय. दुष्काळी गावातला बाप रात्रीच्या एसटी स्टँडवर पोराची वाट बघत बसलाय, मधेच त्याचं घर दिसतं, मधेच पोरगा शहरात राहतो ती कॉट बेसिसची खोली. म्हणजे ३ जागा, ७ पात्रं, ४० मिनिटं. वाचन चांगलं झालंय, पाठांतर पण होत आलंय, पण उभं राहून करायला लागलो की सगळे एका रांगेत उभे राहून समोर बघून बोलतात आणि वाचताना जे वाटत होतं ते सगळं जातंय. सेटचं काय करायचं, लाईट किती लागतात, ब्लॅकआऊट (स्टेजवर पूर्ण अंधार) किती घ्यायचे काहीच कळत नाहीये. बजेट ८ हजार, त्यातच टेम्पो. स्पर्धेचा स्टेज २८ फूट रुंद आणि २० फूट खोल आहे असं कळलंय. जाणकारांनी पायापासून सांगावं.

विंगेतला_काका:
आधी मला हे सांग, ते २८ फूट कुणी टेप लावून मोजलेत की ऐकलेत? आणि ती कमानीची, म्हणजे स्टेजच्या पुढच्या चौकटीची, रुंदी आहे का विंगा, म्हणजे कडेचे उभे पडदे, धरून भिंतीपासून भिंतीपर्यंत? कारण विंगा लावल्या की २८ चे २२ कधी होतात कळत नाही आणि मग तुमची खाट विंगेत जाऊन बसते. दोघांनी जा आणि मोजून या. कमानीची रुंदी, कमानीपासून मागच्या पडद्यापर्यंत खोली, कमानीच्या पुढे आलेला स्टेजचा भाग, म्हणजे एप्रन, किती, विंगा किती, दोन विंगांमधून माणूस हातात सामान घेऊन येऊ शकतो का, मागच्या पडद्यामागून या बाजूचा नट त्या बाजूला जाऊ शकतो का, आणि सेट आत न्यायचा दरवाजा किती रुंद आहे. हे शेवटचं बहुतेक जण मोजत नाहीत.

मग कागदावर १ फुटाला अर्धा इंच धरून आराखडा काढ. २८ बाय २० चा स्टेज १४ इंच बाय १० इंचात येतो, एका चार्ट पेपरवर आरामात मावतो. खाट, बाकडं, दार सगळं त्याच मापात पुठ्ठ्याचं कापून त्यावर सरकवून बघ. आणि पहिल्या रांगेतल्या अगदी कडेच्या दोन खुर्च्यांपासून कमानीच्या कडेला टेकवून मागच्या पडद्यापर्यंत पट्टीने रेघा मार. त्या रेघांच्या पलीकडे जे काही राहील ते कडेच्या प्रेक्षकांना दिसत नाही, तिथे महत्त्वाचं काही घडवायचं नाही. त्याच रेघा उलट्या बघितल्या की विंगेत उभा असलेला पुढच्या प्रवेशाचा नट कुणाला दिसतोय तेही समजतं. पोरं विंगेच्या अगदी कडेला येऊन नाटक बघत उभी राहतात, तुला प्रेक्षक दिसत असेल तर प्रेक्षकाला तू दिसतोयस, एवढं सगळ्यांना सांगून ठेव.

तालमीच्या हॉलमध्ये तोच आराखडा खऱ्या मापात खडूने नाहीतर रंगीत चिकटपट्टीने आखा आणि आजपासून त्या रेघांच्या आतच तालीम करा. दार असेल तिथे दोन खुर्च्या ठेवा आणि त्यांच्यामधूनच यायचं जायचं, भिंतीतून नाही.

राईट लेफ्ट नटाचा. नट प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला की त्याचा उजवा हात तो स्टेज राईट. प्रेक्षकांकडची बाजू डाऊन, मागची अप. पूर्वी युरोपात स्टेज मागे चढता आणि पुढे उतरता असायचा त्यावरून ते अप आणि डाऊन आलंय. आडवे तीन, खोलीला तीन असे नऊ भाग करून प्रत मार्क करा. 'डी एल' लिहिलं की डाऊन लेफ्ट, सगळ्यांना एकच भाषा झाली की दिग्दर्शकाचा घसा वाचतो.

डिमरवाली:
लाईटचं मी सांगते. किती लागतात ते नंतर, आधी नट कुठे कुठे उभा राहून बोलणार आहे ते ठरवा. काकांनी सांगितलेल्या आराखड्यावर त्या जागांना गोल करा, बापाचं बाकडं, घराचं दार, पोराची कॉट असे. मग प्रत्येक गोलाला समोरून दोन लाईट, एक डावीकडून एक उजवीकडून, दोन्ही साधारण ४५ अंशातून. एका बाजूला जरा पिवळसर जिलेटिन, म्हणजे लाईटपुढे लावायचा रंगीत कागद, आणि दुसरीकडे जरा निळसर, म्हणजे चेहरा सपाट दिसत नाही, नाकडोळे उठून येतात. ही पद्धत अमेरिकेतल्या स्टॅन्ली मॅक्कँडलेसने १९३० च्या दशकात घालून दिली, आणि अजूनही शिकायला हीच सगळ्यात चांगली. लाईट फार खालून आला तर नटाची सावली मागच्या भिंतीवर राक्षसासारखी पडते, फार उंचावरून आला तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो. शेजारशेजारचे गोल एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत, नाहीतर नट चालत जाताना मधे अंधारातून जातो.

पाठीमागून एखादा लाईट मिळाला तर जरूर घ्या, त्याने माणूस पडद्यापासून सुटा होतो. काळा पडदा, काळे केस आणि वर फक्त समोरचा लाईट असला की डोकंच दिसत नाही, नुसतं कपाळ तरंगतं.

रंगाचं एक कळकळीने सांगते. राग आला की लाल, रात्र झाली की निळा, आणि तो पण एकटाच, असं करू नका. भडक लालमध्ये हिरवी साडी काळपट दिसते, चेहऱ्यावरचे भाव पुसले जातात. रात्र दाखवायची असेल तर निळा मागून आणि बाजूने द्या, समोरून साधा लाईट कमी करून ठेवा. आजकाल बऱ्याच ठिकाणी एलईडी पार (डब्यासारखे स्टेजचे दिवे) असतात, त्यात लाल हिरवा निळा एकत्र करून पांढरा काढला की कातडी प्रेतासारखी दिसते, त्यामुळे चेहऱ्यासाठी जुने हॅलोजन मिळाले तर तेच मागा, एलईडी मागच्या पडद्याला वापरा.

तुमच्या एसटी स्टँडला तर लाईटच सेट आहे. वरून एक ट्यूबलाईटसारखा पांढरा पट्टा, त्याच्या बाहेर काळोख, आणि अधूनमधून विंगेतून जमिनीलगत फिरत जाणारा एक उजेड आणि गाडीचा आवाज. गाडी आली, थांबली, पोरगा उतरला नाही. खर्च काही नाही.

यावरून सांगते, कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात १९५९ साली उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाऊन कामगार बुडतात तो प्रसंग निव्वळ प्रकाशाने उभा केला होता, पाण्याचा थेंब न वापरता. लाईट शिकणाऱ्या प्रत्येकाने तापसदांच्या कामाबद्दल मिळेल ते वाचावं.

बाकड्यावरचा_राजा:
मी कोकणातला, लहानपणापासून दशावतार बघत आलोय, त्यामुळे मला तीन जागांची अडचण वाटतच नाही. आमच्याकडे मागे एक पडदा आणि पुढे एक लाकडी बाकडं. त्यावर राजा बसला की सिंहासन, त्यावरच उभा राहिला की डोंगर, त्यावरच कोण आडवा झाला की शयनगृह. स्टेजवर एक फेरी मारली की रानातून दरबारात. पहाटेपर्यंत हजार माणूस बसून बघतो आणि एकाला शंका येत नाही. आणि हे खेड्यातलं काहीतरी कच्चं आहे असं कोणी समजू नये, नाट्यशास्त्रात भरतमुनींनी कक्ष्याविभाग म्हणून हेच सांगितलंय, रंगपीठाचे, म्हणजे स्टेजचे, भाग कल्पायचे आणि नट फिरून आला की जागा बदलली.

तुझ्या नाटकात स्टँडवरचं बाकडं आहेच ना? तेच घरातलं ओट्यावरचं बाकडं, तेच शहरातली कॉट. बाप बसलेलाच असू दे आणि पोरगा येऊन त्याच्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकावर झोपू दे. दोघं २०० किलोमीटर लांब आणि एका बाकड्यावर. मला तर लिहितानाच दिसतंय ते.

माणगंगेचा_पोर:
दादा हे भारी आहे!! लेखकाला वाचून दाखवलं, तो उठूनच उभा राहिला. पण मग बाकी स्टेज रिकामा ठेवायचा का? आमच्यातले काही जण म्हणतात फ्लॅट (चौकटीवर कापड ताणून रंगवलेल्या भिंती) लावून घर दाखवलं नाही तर परीक्षकांना कष्ट दिसणार नाहीत.

नेपथ्यवेडी:
मी जरा वेगळा सूर लावते. बाकड्याची कल्पना मला मनापासून आवडली, पण 'रिकामा स्टेज म्हणजे चांगला' हे पण आता स्पर्धांमध्ये एक ठरलेलं होऊन बसलंय. काळे पडदे, तीन क्यूब (लाकडी ठोकळे), सगळे काळ्या टीशर्टात. काही नाटकांना जागा लागतेच. 'वाडा चिरेबंदी' हे नाटक तीन क्यूबवर कसं कराल, तो वाडाच एक पात्र आहे. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाने रंगवलेले पडदे बाजूला सारून खरी वाटणारी खोली स्टेजवर आणली तेव्हा नट पण वेगळं वागायला लागले, खुर्चीवर बसून साधं बोलायला लागले. पुढे १९६२ ला 'तो मी नव्हेच' आलं ते फिरत्या रंगमंचावर, कारण कोर्टातून भूतकाळात आणि परत कोर्टात अशी ये-जा, दर वेळी पडदा पाडून सामान हलवलं असतं तर खटल्याची पकड सुटली असती. तिथे यंत्र नाटकाच्या गरजेतून आलंय.

तेव्हा परीक्षकांना कष्ट दिसावेत म्हणून फ्लॅट लावू नका. माझी कसोटी अशी की स्टेजवरच्या प्रत्येक वस्तूला नटाने ४० मिनिटांत काहीतरी केलं पाहिजे, टेकलं पाहिजे, आपटलं पाहिजे, लपवलं पाहिजे. नुसतं शोभेला ठेवलेलं घड्याळ, कॅलेंडर उचलून बाहेर. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेचंच बघा, १९६३ पासून चालू आहे, तिथे भर लेखन दिग्दर्शन अभिनयावर, आणि तिथे घडलेली किती माणसं पुढे मराठी रंगभूमीवर आली.

तुमच्या नाटकात मी काय करेन? घरासाठी फक्त दाराची चौकट. उभी, पक्की, खरी. बाप त्या चौकटीतून वाकून आत जातो एवढ्यावर घर आणि गरिबी दोन्ही येतात. तीन फुटी रुंद, पाच फुटी उंच ठेवा म्हणजे वाकावंच लागेल. ती अप राईटला थोडी तिरकी ठेवा, प्रेक्षकांना समांतर ठेवली की चित्रासारखी दिसते. झडप लावणार असाल तर ती स्टेजच्या बाहेरच्या बाजूला उघडणारी आणि बिजागऱ्या अप स्टेजच्या अंगाला, म्हणजे दार उघडलं तरी येणारा नट झाकत नाही आणि मागची विंग पण दिसत नाही. चौकटीला मागून तिरका टेकू आणि त्यावर वाळूची पिशवी, नुसती उभी करून ठेवली की कोणीतरी धक्का मारणारच. दुसऱ्या बाजूला, म्हणजे अप लेफ्टला, एक ६ बाय ४ ची लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा, फूटभर उंच, ती शहर. पोरगा वर, बाप खाली, कुणी काही न बोलता कळतं. चढायला मधे ६ इंचाची एक पायरी ठेवा, फूटभर उंचीवर बोलत बोलत चढताना पाय अडतो आणि लक्ष तिकडे जातं. लेव्हलचा आवाज घुमतो, वर जुनी सतरंजी किंवा गोणपाट ठोका.

एखादा फ्लॅट करायचाच झाला तर लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून खिळे मारायचे, खळ लावून वाळू द्यायचं की कापड घट्ट होतं, मग डिस्टेंपर. चकचकीत ऑईल पेंट अजिबात नको, लाईट पडला की चमकतो.

विंगेतला_काका:
नेपथ्यवेडी ताईंनी चौकटीचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. आता रांगेत उभं राहण्यावर बोलतो, कारण मूळ दुखणं तेच आहे.

पोरं रांगेत का उभी राहतात, कारण त्यांना उभं राहायला कारणच दिलेलं नाही. प्रत्येकाला विचार, तू आत्ता इथे का आहेस, तुला या माणसाच्या जवळ जायचंय का लांब. आईला पोराचा विषय टाळायचाय तर ती निवडायला तांदूळ घेऊन डाऊन राईटला बसेल, पाठ अर्धी बापाकडे. बापाला उत्तर हवंय तर तो तिच्या मागे येईल. झाली मूव्हमेंट. कारणाशिवाय चालणं म्हणजे येरझाऱ्या.

काही गोष्टी मात्र हातात बसवाव्याच लागतात. चालायचं ते शक्यतो आपल्या वाक्यावर, दुसऱ्याच्या वाक्यावर हललास तर त्याचं वाक्य मेलं. दोघं बोलत असतील तर एकमेकांकडे पूर्ण वळू नका, दोघांनी थोडं थोडं प्रेक्षकांकडे उघडं राहायचं, पाऊण चेहरा दिसला पाहिजे. बोलणाऱ्याने अप स्टेजला सरकत जायचं नाही, कारण समोरच्याला त्याच्याकडे बघायला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते. तिघं असले तर त्रिकोण, आणि ज्याचा प्रसंग आहे तो त्रिकोणाच्या टोकाला. एक जण पुढून आडवा गेला तर दुसऱ्याने अर्धं पाऊल उलट सरकून जागा भरायची. सगळे उभे असताना एकच बसला की नजर त्याच्यावर जाते, सगळे हलत असताना एकच थांबला तरी. निघून जाताना शेवटचं वाक्य दाराशी जाऊन टाका, वाक्य संपवून मग आठ पावलं शांतपणे चालत गेलात तर प्रसंग गळून पडतो.

आणि माणसांचाच सेट कसा होतो हे बघायचं असेल तर 'घाशीराम कोतवाल'. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग. दिग्दर्शक जब्बार पटेलांनी ब्राह्मणांची ती रांग गात डोलत उभी केली, ती पाठ फिरवून उभी राहिली की भिंत, पुढे आली की पडदा, फुटली की गर्दी. तिथेही माणसं रांगेतच उभी आहेत! पण त्या रांगेला काम आहे, ती झाकते, उघड करते, घेरते. तुझ्या उरलेल्या चार पात्रांना स्टँडवरचे प्रवासी कर आणि त्यांच्याकडूनच जागा बदलून घे. पाठ फिरवून उभे राहिले की घराची भिंत, बसले की स्टँड.

माणगंगेचा_पोर:
काका, प्रवाशांचं करून बघितलं. तालमीत एकदम श्वास आला नाटकात. आमच्या आधीच्या प्रतीत ११ ब्लॅकआऊट होते, आता २ उरलेत, एक मधला आणि एक शेवटचा. अजून विचारायचंय. लाईट कॉलेजच्या हॉलमध्ये पण लावून बघायचेत, एका ओळखीच्या मंडपवाल्याकडे ४ पार आहेत हजार वॉटचे, ते भिंतीतल्या सॉकेटला लावले तर चालतील का? आणि म्युझिक फोनवरून वाजवलं तर?

डिमरवाली:
थांब!! हजार वॉटचा एक दिवा २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर खातो. घरगुती छोट्या सॉकेटची कुवत ६ अँपिअर, म्हणजे तिथे एकच. मोठ्या १६ अँपिअरच्या पिनेवर फार तर तीन, आणि तेही त्या लाईनवर पंखे, साऊंड काही नसेल तर. चार एका एक्स्टेंशन बोर्डावर लावलेस तर वायर वितळेल. कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला बोलवून वेगवेगळ्या लाईनवर वाटून घे, वायर जाड वापर, आणि गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरायची, गुंडाळीत उष्णता साठते. पार तापतो, पडद्यापासून चांगला लांब, आणि वर टांगला तर क्लॅम्पशिवाय वेगळी लोखंडी साखळी बांधायचीच.

फोनवरून वाजव पण फ्लाईट मोडवर टाक, फाईलींना १, २, ३ असे क्रमांक दे, आणि वाजवणारा नटांपैकी नको, वेगळाच एक जण, ज्याने महिनाभर तालमी बघितल्यात.

ब्लॅकआऊटमध्ये नट भरउजेडातून एकदम काळोखात जातो, त्याला काही सेकंद खरंच दिसत नाही. चौकट, पायरी, बाकडं यांच्या कडांना रेडियमची पट्टी लावा, पण ती आधी उजेडात राहिली तरच चमकते हे लक्षात ठेवा, बॅगेतून काढून लावली तर उपयोग नाही.

एडिसनकर:
इथे अमेरिकेत महाराष्ट्र मंडळासाठी शाळांची सभागृहं भाड्याने घेऊन नाटकं करतो, तिथे स्टेजवर उघडी ज्योत चालत नाही आणि सेटचं कापड आग न धरणारं मागतात. सुरुवातीला जाच वाटायचा, आता पटतं. तुमच्या नाटकात चूल, कंदील, निरांजन काही असेल तर बॅटरीचा दिवा वापरा, मांजरपाट आणि गोणपाट किती पटकन पेट घेतं ते आठवून.

माणगंगेचा_पोर:
कंदील आहे! बदलतो. आता शेवटचं, स्पर्धेच्या ठिकाणी आम्हाला आदल्या दिवशी दोनच तास मिळणार आहेत. त्या दोन तासात काय करायचं? पूर्ण एकदा करून बघायचं का?

डिमरवाली:
पूर्ण करू नका, वेळ पुरणार नाही. जाण्याआधी क्यू शीट तयार पाहिजे, क्यू म्हणजे लाईट किंवा आवाज बदलायची खूण. क्यू क्रमांक, कोणत्या वाक्यावर किंवा कोणत्या हालचालीवर, काय होणार, किती सेकंदात. 'बाप उठतो' असं नाही लिहायचं, 'बाप डाव्या हाताने पिशवी उचलतो तेव्हा' असं. पहिला पाऊण तास सेट लावून लाईट फोकस करायला, तेव्हा प्रत्येक गोलात एक माणूस खरा उभा करायचा, रिकाम्या जमिनीवर फोकस केला की नेमका चेहरा सुटतो. पुढचा तासभर क्यू टू क्यू, म्हणजे क्यूच्या दोन वाक्यं आधी सुरू करायचं, क्यू झाला की थांबायचं, थेट पुढच्या क्यूवर. चुकला तर तिथेच परत. राहिलेल्या पंधरा मिनिटांत आवाज बघा, एकाने शेवटच्या रांगेत बसायचं आणि प्रत्येक नटाचं सगळ्यात हळू वाक्य ऐकायचं.

विंगेतला_काका:
आणि सेट लावायला काढायला किती वेळ देतात ते नियमात बघ, काही ठिकाणी तो नाटकाच्या वेळेतच धरतात. कोण काय उचलणार ते नावानिशी लिहून विंगेत चिकटव, तालमीत घड्याळ लावून चार-पाच वेळा लावा नि काढा. विंगेत एक टेबल, त्यावर कागद पसरून प्रत्येक वस्तूच्या आकाराची रेघ मारलेली, पिशवी इथे, तिकीट इथे, कंदील इथे, वापरून झालं की वस्तू तिथेच परत. पहिल्या घंटेला बॅकस्टेजवाल्याने ते टेबल एकदा तपासायचं आणि तिसऱ्या घंटेआधी परत एकदा. बॅकस्टेजची पोरं गडद कपड्यात आणि रबरी तळाच्या चपलात. तारीख आणि ठिकाण इथे टाक, मी येईन बघायला.